आधी बूट, मग घेर

नाटकगृहात तिला सगळे टाचणी म्हणत. कामाच्या वेळी ती गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचा निळा एप्रन घालायची आणि त्याच्या छातीवर टाचण्यांची रांग खोचलेली असायची. कुणाची शिवण उसवली, कुणाचं बटण तुटलं, की खाली न बघताही बोटं बरोबर तिथे जायची. नाव त्यावरून पडलं, असं ती स्वतः सांगे. नाव जिभेवरून पडलं, असं बाकीचे म्हणत, पण तिच्या पाठीमागे.

तिचे वडील पडदे शिवायचे. नाटकगृहाचा मोठा लाल पडदा त्यांच्याच हातचा. तो शिवता शिवता त्यांचे डोळे अधू झाले, सुईत दोरा ओवायला कुणीतरी हवं म्हणून थोरल्या मुलीची शाळा सुटली, आणि ती कपडेपटात आली ती तिथलीच झाली. रंगमंचाच्या मागे चार पायऱ्या उतरल्या की कपडेपट. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना टांगलेले कपडे, मधे इस्त्रीचं टेबल, आणि कितीही उघडी ठेवली तरी डांबराच्या गोळ्यांचा वास बाहेर न सोडणारी एकुलती एक खिडकी. नट मंडळी येत, चिडत, रडत, तिच्यापुढे हात पसरून उभी राहत, आणि ती त्यांना राजा, चोर, सासू, डॉक्टर, जे म्हणाल ते करून वर पाठवी. पडद्यापुढचं नाटक तिनं क्वचितच पाहिलं. तिला नाटक कळे ते कपड्यांवरून: निळा सदरा गेला की मळका सदरा, मळका सदरा गेला की गोष्ट संपत आली.

तिची शाळा सुटली, पण धाकटीची सुटली नाही. धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. ती शिकली, बालवर्गाची शिक्षिका झाली, आणि गेली कित्येक वर्षं लहान मुलांना इंग्रजीतली पहिली अक्षरं आणि पहिले शब्द शिकवत होती. दोघी जवळजवळ राहत, आठवड्यातून दोनदा भेटत, आणि भेटल्या की भांडत. थोरलीला वाटे धाकटी सगळ्यांशी वर्गातल्यासारखी बोलते, आणि धाकटीला वाटे थोरली सगळ्यांना मापं घेतल्यासारखी बघते. दोघींचंही खरं होतं.

त्या वर्षी एक परदेशी नाटक कंपनी आली. कंपनीत चार देशांची माणसं होती आणि आपसात ती इंग्रजीत बोलत. नाटक एका बाईच्या आयुष्याचं होतं. तीच नटी आधी शाळकरी पोर, मग नवरी, मग इस्पितळातली परिचारिका, मग काळ्या कपड्यांतली विधवा आणि शेवटी शाल पांघरलेली म्हातारी व्हायची, आणि हे सगळं विंगेतल्या अंधारात, बाहेर वाद्यं वाजत असताना. तिला कपडे चढवणारी त्यांची बाई आधीच्या गावात जिन्यावरून घसरली आणि हात मोडून घरी परत गेली. नाटकगृहाच्या व्यवस्थापकांनी टाचणीला बोलावलं.

"टाचणीताई, तुम्हालाच हे बघायचंय. इंग्रजी जमेल ना?"

"साहेब, कॉलर, झिप, हुक, बेल्ट, ग्लव्ह्ज, विग. यापलीकडे कपडे बोलतात काय?"

साहेब हसले आणि प्रश्न मिटला.

कंपनीचा मंचव्यवस्थापक ताडमाड उंच होता. कपडेपटात शिरताना त्यानं चौकटीला डोकं आपटलं आणि टाचणीनं त्याचं नाव तिथल्या तिथे लंबू ठेवलं. माणूस भला होता, पण घाईचा. इंग्रजीत टाइप केलेला एक कागद त्यानं तिच्या हातात दिला आणि तोंडानंही सगळं एका दमात सांगून टाकलं. कागद काही कामाचा नव्हता, कारण तिला तो भराभर वाचता येईना, आणि विंगेत तर हाताचा पंजासुद्धा दिसत नाही. म्हणून तिनं सगळा भार कानांवर टाकला. शूज, हूप, ग्लव्ह्ज ही नावं तिला कळली. मधे मधे येणारे बारके शब्द, 'बिफोर' आणि 'आफ्टर', तेही ओळखीचे होते. बिफोर म्हणजे आधी आणि आफ्टर म्हणजे नंतर, हे तिला कुठल्याशा औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरून धाकटीनं कधीतरी सांगितलं होतं.

लंबू म्हणाला, "शूज बिफोर हूप."

तिच्या कानांनी ऐकलं: शूज... आधी हूप.

हूप म्हणजे नवरीच्या झग्याखालचा घेर. पोलादी पट्ट्यांची गोल वर्तुळं, वरचं लहान, खालचं हे एवढं मोठं, टोपली पालथी घालावी तसं. इथल्या नाटकांत असली वस्तू कधी आली नव्हती. आधी घेर आणि मग बूट? टाचणीला नवल वाटलं. पण त्यांचं नाटक, त्यांचा घेर, आपण कोण सांगणार, असं म्हणून तिनं मान डोलावली.

रंगीत तालीम दुपारी होती. शाळकरी पोरीचा प्रवेश संपला, नटी धावत विंगेत आली. वयानं ती काही पोर नव्हती, चांगली पन्नाशीला आलेली, धिप्पाड, हसऱ्या तोंडाची बाई. टाचणीनं फ्रॉक उतरवला, घेर कमरेला बांधला, वरून पांढरा झगा सोडला. हात कसे यंत्रासारखे चालले. मग ती बूट घ्यायला वाकली आणि तिच्या लक्षात आलं की आता पाय आहेत कुठे? घेराच्या आत, लांब, पांढऱ्या तंबूच्या मधोमध. नटीला स्वतःला वाकता येईना. वाकली की घेर मागून टुणकन वर उठे. बाहेर व्हायोलिन सुरू झालं. टाचणीनं काही विचार केला नाही. घेर उचलला आणि बूट घेऊन सरळ आत शिरली.

डावा बूट चढला. उजव्याची नाडी बांधतेय तोच वर दिवा लागला, नटीचा इशारा आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं नटी निघाली. टाचणी मागे सरायला गेली तर एप्रनच्या टाचण्या घेराच्या पट्टीत अडकलेल्या! आता काय करता? नवरी पुढे आणि टाचणी आत, रांगत. समोर बसलेल्या कंपनीच्या लोकांनी पाहिलं ते असं: एक धिप्पाड नवरी लंगडत लंगडत आली, तिच्या झग्याला मागून एक फुगवटा होता, आणि झग्याखालून चार पाय दिसत होते, त्यांतले दोन चपला घातलेले.

सगळं नाटकगृह हसून लोटपोट झालं. दिवेवाला वरून दिवा हलवायला लागला. नटी स्वतः इतकी हसली की शेवटी खाली बसली, आणि बसल्यावर आतून टाचणीचा आवाज आला, "अहो बाई, जीव गुदमरला!"

लंबू मात्र हसला नाही. तो नंतर साहेबांच्या खोलीत बराच वेळ बोलत होता. संध्याकाळी साहेबांनी टाचणीला खुर्ची दिली, तेव्हाच तिला कळलं की बातमी चांगली नाही.

"ताई, तुमच्या हाताला तोड नाही, हे मी त्यांना सांगितलंय. पण भाषेचा प्रश्न आहे. त्यानं शूज बिफोर हूप असं सांगितलं होतं म्हणतो. हातमोजेही ती बसेपर्यंत द्यायचे नव्हते, ते तुम्ही आधीच दिलेत. कॉलेजातली एक मुलगी आहे, इंग्रजी फाडफाड बोलते. तिला घ्यावं का?"

टाचणीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कपडेपटातून तिला कुणी कधी उठवलं नव्हतं.

"साहेब, मी बिफोरच केलं," ती म्हणाली. "आधी हूप म्हणाला, आधी हूप केला. उद्या दुपारची तालीम मला द्या. त्यात चुकले तर मीच त्या मुलीला एप्रन बांधून देते."

साहेबांनी एक दिवस दिला.

ती घरी गेली नाही, थेट धाकटीकडे गेली. धाकटी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. थोरलीनं कधी कुणाकडे काही शिकायला जाऊ नये, आणि धाकटीकडे तर मुळीच नाही, असा तिचा जन्मभराचा ताठा. तो तिनं चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवला आणि बसता बसता म्हणाली, "मला बिफोर शिकव."

धाकटीनं सगळी हकीगत ऐकली. चार पायांपाशी आल्यावर ती इतकी हसली की मटार घरभर झाले. मग डोळे पुसून तिनं बालवर्गात करतात तसं केलं. टेबलावर एक चमचा ठेवला, एक कप ठेवला.

"मी सांगेन त्या क्रमानं उचलायचं. स्पून बिफोर कप."

टाचणीनं आधी कप उचलला, मग चमचा.

"कप आफ्टर स्पून."

टाचणीनं आधी कप उचलला, मग चमचा.

"स्पून आफ्टर कप."

आता तिनं आधी चमचा उचलला. धाकटीनं पुन्हा विचारलं, उलटसुलट विचारलं, मधे बशी घातली, मटार घातले. मग हनुवटीला हात लावून बघत राहिली.

"ताई, तू चुकत नाहीस. तू दर वेळी बरोब्बर उलटं करतेस. याला चुकणं म्हणत नाहीत, ही शिस्त आहे. मला सांग, 'स्पून बिफोर कप' म्हटल्यावर तू मनात काय म्हणतेस?"

"चमचा. आधी कप."

धाकटीनं टेबलावर थाप मारली. "सापडलं! अगं, आपण 'कपाच्या आधी' म्हणतो. आपला 'आधी' त्या वस्तूच्या पाठीमागे येतो, शेपटीसारखा. त्यांचा पुढे येतो, सोंडेसारखा. त्यांचा बिफोर ज्याच्या पुढे उभा आहे त्याचा असतो. स्पून, बिफोर-कप. म्हणजे चमचा, आधी-कपा."

"आधी-कपा," टाचणी म्हणाली. "हे काय बोलणं झालं?"

"वाईट बोलणं आहे, पण तू तसंच ऐक. शूज बिफोर हूप?"

"बूट, आधी-घेरा." टाचणी थांबली. तिचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे घेराआधी बूट! हात्तिच्या! मग माझंच बरोबर होतं की. मला तेव्हाच वाटलं होतं, घेर घातल्यावर बूट कसले घालतेस!"

"तुझंच बरोबर होतं."

हे ऐकून तिला इतकं बरं वाटलं की तिनं खाली पडलेले सगळे मटार स्वतः वेचून दिले. मग दोघींनी पुढचे शब्द घेतले. अन्टिल म्हणजे पर्यंत, तोही सोंडेसारखा पुढे: हातमोजे नाहीत, पर्यंत-बसते. देन आणि नेक्स्ट मात्र साधे, सरळ, गरीब शब्द. जे पुढे ते पुढे, काही लबाडी नाही. मीनव्हाइलशी जरा झटापट झाली.

"तेवढ्यात," धाकटी म्हणाली. "एक काम चालू असताना दुसरं. तू झिप लावतेस, मीनव्हाइल ती विग सरळ करते."

"मग याला शब्द कशाला हवा? माझं सगळं आयुष्य मीनव्हाइलच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव करायला अंगावर कपडे चढवता येतील असं माणूस हवं होतं. टाचणीचा नवरा किल्ल्या बनवायचा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं. बोलायला कमी, अंगानं बारीक, आणि बायकोनं उभं राहा म्हटलं की उभा राहणारा. त्याला खोलीच्या मधोमध उभं केलं. घेर म्हणून कमरेला मोठ्या दिव्याच्या शेडची जुनी तारेची चौकट बांधायची, झगा म्हणून पलंगाची पांढरी चादर. धाकटी हातात झारा घेऊन खुर्चीवर बसली आणि हुकूम सोडू लागली.

"शूज बिफोर हूप! नो ग्लव्ह्ज अन्टिल ही सिट्स! विग आफ्टर गाऊन!"

बूट, घेर, झगा, विग. विगच्या जागी लोकरीची टोपी होती. टाचणी घामाघूम झाली, पण चुकली नाही. धाकटी मुद्दाम चकवे घालू लागली, शब्द फिरवून, वाक्य उलटं करून. "बिफोर द हूप, द शूज!" टाचणी क्षणभर थबकली, ओठांतल्या ओठांत 'आधी-घेरा' पुटपुटली आणि बुटांकडे वळली.

"भावोजी, तुम्हाला काही त्रास नाही ना?" धाकटीनं विचारलं.

"त्रास नाही," तो चादरीतून म्हणाला. "फक्त मला थांबायचं असलं तर कुठला शब्द ते कुणी सांगितलेलं नाही."

त्याच वेळी शेजारचा शिंपी किल्लीची नक्कल करून घ्यायला आत आला. त्यानं दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार पांढऱ्या झग्यात, लोकरीची टोपी घालून, हातमोज्यांची वाट बघत खुर्चीवर बसलेला. शिंप्यानं किल्ली हळूच टेबलावर ठेवली.

"नंतर येतो," तो म्हणाला.

"आफ्टर!" दोघी बहिणी एकदम ओरडल्या, आणि शिंपी जो गेला तो दोन दिवस फिरकला नाही.

दुपारची तालीम झाली. विंगेत बूट आधी, मग घेर, मग झगा, मग विग. नटी रंगमंचावर जाऊन खुर्चीवर बसली तेव्हाच टाचणीनं नोकराचं काम करणाऱ्या नटाच्या तबकात हातमोजे ठेवले. लंबू अंधारात उभा राहून बघत होता. शेवटी त्यानं अंगठा वर केला आणि वळताना पुन्हा चौकटीला डोकं आपटलं. साहेबांनी त्या कॉलेजातल्या मुलीचं नाव परत काढलं नाही.

प्रयोग सुरू झाले आणि रंगले. टाचणीला आता शब्दांची गोडी लागली. जे कानावर पडे ते ती मनात धरून ठेवी आणि धाकटीपुढे नेऊन ओती. एकदा लंबू सगळ्यांना सांगून गेला, "सॅटर्डे, टू शोज, बॅक टू बॅक." टाचणीनं बॅक म्हणजे पाठ हे झग्याच्या मापावरून ओळखलं. शनिवारी नट मंडळी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून काय करणार, याचा तिनं पुष्कळ विचार केला. सगळ्यांच्या पाठीची हुकं तपासून ठेवली.

धाकटी हसली नाही. तिला उलट गंमत वाटली. "म्हणजे लागोपाठ, ताई. एक संपला की लगेच दुसरा. आणि बघ, आपल्याकडेही पाठच आहे. पाठोपाठ म्हणतो ना? त्यांनाही पाठच सुचली, आपल्यालाही पाठच."

"मग तू माझी बॅक टू बॅक बहीण."

"हो. आणि तुझा इतका ताठा की पाठच बघितली मी जन्मभर," धाकटी म्हणाली. मग थोरलीनं तिच्या ताटात आणखी एक पाव वाढला. तिच्याकडे माफी मागायची पद्धत हीच होती.

शनिवार उजाडला. दुपारचा प्रयोग छान झाला. दुसरा सुरू व्हायला मधे जेमतेम चहाची उसंत. नटी दमलेली दिसत होती. तिचं हसू नेहमीच्या जागेवर होतं, पण डोळे दुसरीकडेच लागले होते. शाळकरी पोर झाली, नवरी झाली. नवरीचा प्रवेश संपवून ती विंगेत आली. टाचणीनं झगा उतरवला, घेर सोडला, बूट काढले. आता करड्या रंगाचा परिचारिकेचा पोशाख. तो उचलून ती वळली तर नटी तशीच उभी, पांढऱ्या परकरात, हात खाली सोडून. अंगावर कुठल्याच काळाचा कपडा नव्हता, आणि ती नेमकी कुठे आहे हे तिचं तिलाच उमगत नव्हतं.

"हॉस्पिटल," ती कुजबुजली. "डन? आय डिड हॉस्पिटल?"

टाचणीला कळलं. इस्पितळाचा प्रवेश तिनं केला होताच की, पण दुपारी! दोन प्रयोग एकमेकांना चिकटले होते आणि मधली शिवण तिला सापडेना. लंबू रंगमंचाच्या पलीकडच्या विंगेत, आणि मधे दिव्यांनी झगझगणारा रंगमंच. बाहेर व्हायोलिनचे सूर संपत आलेले.

टाचणीनं तिचे दोन्ही हात धरले. माप घेताना धरतात तसे, घट्ट पण मऊ. आणि तिला येत होतं ते सगळं इंग्रजी तिनं एकामागून एक पुढ्यात मांडलं, घाई न करता, बालवर्गातल्या बाईसारखं.

"लुक. फर्स्ट, लिटल गर्ल. डन. देन, ब्राइड. डन. नाऊ, ग्रे." तिनं करडा पोशाख तिच्या गालाशी लावला. "नाऊ हॉस्पिटल. आफ्टर ग्रे, ब्लॅक. आफ्टर ब्लॅक, ओल्ड, शाल. फायनली, स्लीप." आणि मग तिला वाटलं एवढ्यानं पुरणार नाही, म्हणून पुढे म्हणाली, "देन यू, मी, टी."

नटी तिच्याकडे बघत होती. ओठ हलले. "नाऊ ग्रे," ती म्हणाली.

"नाऊ ग्रे."

"आफ्टर ग्रे, ब्लॅक."

"यस. अँड टी."

नटीला हसू फुटलं, खरं हसू, पोटातून आलेलं. तिनं हात वर केले. टाचणीनं पोशाख चढवला, मागची झिप ओढली, मीनव्हाइल नटीनं टोपी सरळ केली. व्हायोलिन थांबलं आणि परिचारिका रंगमंचावर गेली. पहिलं वाक्य तिनं इतक्या ठामपणे म्हटलं की टाचणीचा जीव भांड्यात पडला आणि ती विंगेतल्या भिंतीला टेकून मटकन बसली. मग तिच्या लक्षात आलं की काळा पोशाख अजून खुंटीवरच आहे, आणि ती परत उठली.

प्रयोग संपल्यावर चहा झाला. कपडेपटात दोघी बसल्या, एकीच्या अंगावर अजून म्हातारीची शाल, दुसरीच्या छातीवर टाचण्या. बोलायला फारसे शब्द नव्हते. नटीनं आपल्या आईचा फोटो दाखवला. टाचणीनं आपल्या वडिलांनी शिवलेला लाल पडदा दाखवायला तिला वर नेलं. नटीनं पडद्याच्या काठाची टीप बोटानं चाचपली आणि म्हणाली, "स्ट्रेट." टाचणीला तेवढं पुष्कळ झालं. वडील नेहमी म्हणायचे की सरळ टीप कुणी बघत नाही.

शेवटचा प्रयोग रविवारी दुपारी होता. कंपनीनं टाचणीच्या घरच्यांना पुढच्या रांगेतल्या जागा दिल्या. नवरा इस्त्रीचा सदरा घालून आला, धाकटी नवे बूट घालून. प्रयोग झाल्यावर टाचणीनं कपडे खोक्यांत भरायला मदत केली. घेर चपटा दुमडून सगळ्यात खाली गेला. नटीनं तिला जवळ घेतलं, लंबूनं हात मिळवला, चौकटीपाशी स्वतःहून वाकला, आणि गाडी गेली.

बाहेर अजून चांगलं ऊन होतं. तिघं चालत निघाली. रस्त्याच्या कडेला झाडांच्या सावल्या पडल्या होत्या, फळवाल्याची गाडी उभी होती, सायकली चालल्या होत्या. धाकटी नाटकावर बोलायला लागली. भाषा कशी शुद्ध होती, उच्चार कसे स्वच्छ होते. टाचणीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला आवडलं का हो?"

"कपडे छान होते," तो म्हणाला. "नवरी आली तेव्हा मी टाळी वाजवली. मला माहीत होतं ना आत काय काय आहे ते."

"आणि मग?"

"मग..." त्यानं मान खाजवली. "खुर्ची मऊ होती गं. डोळा लागला. उठलो तर ती शाल पांघरून बसलेली. मधे काय झालं?"

धाकटीनं कपाळावर हात मारला. टाचणीला मात्र राग आला नाही. तिनं फळवाल्याकडून संत्री घेतली, एक सोलून नवऱ्याच्या हातात दिलं, एक धाकटीच्या, आणि चालता चालता सांगायला लागली.

"ऐका. नवरीनंतर करडा पोशाख. म्हणजे इस्पितळ. तिथे एक जखमी माणूस असतो, सदऱ्याला डाव्या बाजूला रक्ताचा डाग, तो डाग मीच रोज लावते."

"तो तिचा नवरा होतो का?"

"मधे बोलू नका. नंतर होतो."

"पण नवरी तर ती आधीच झाली होती ना?"

टाचणी थांबली. फोड तोंडाशी नेता नेता धाकटीही थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हा प्रश्न इतक्या प्रयोगांत थोरलीला कधी पडला नव्हता, आणि समोर बसून शुद्ध भाषा ऐकणाऱ्या धाकटीलाही नाही.

"तो पहिला नवरा," धाकटी सावकाश म्हणाली. "असणार."

"मग काळे कपडे कुणासाठी? पहिल्यासाठी की दुसऱ्यासाठी?" नवऱ्यानं विचारलं. त्याला आता चांगलीच जाग आली होती.

यावर तिघांचं एकमत होईना. कोपऱ्यावरच्या बाकावर बसून त्यांनी नाटक पहिल्यापासून पुन्हा जुळवायला घेतलं, आणि संत्री संपली तरी तिघं इस्पितळाच्या पुढे गेली नव्हती.